तळ्याच्या पाण्यातली रोगाची चाहूल

मत्स्यतळ्यातला रोग डोळ्यांना दिसतो, तेव्हा तो बहुतेक वेळा बराच पुढे गेलेला असतो. माशाच्या अंगावरचा व्रण, झडलेले पर, कोळंबीच्या कवचावरचे पांढरे ठिपके ही उशिराची लक्षणे आहेत. त्यांच्या काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे आधी पाण्याची घडी बिघडू लागलेली असते. पहाटेचा प्राणवायू रोज थोडा उतरतो, दुपारचा सामू (पीएच) चढतो, तळच्या गाळातून विषारी वायू सुटू लागतात. हे बदल दिसत नाहीत, पण मोजता येतात. रोग लवकर ओळखण्याची सगळी विद्या या मोजमापापासून सुरू होते.

मत्स्यपालनात लवकर निदानाला इतके महत्त्व येण्याचे कारण माशांच्या राहणीत आहे. गोठ्यातल्या एका जनावराने चारा सोडला, तर शेतकऱ्याला ते त्याच दिवशी कळते. तळ्यात हजारो मासे पाण्याखाली असतात आणि त्यांतला एकेक वेगळा पाहता येत नाही. ज्या पाण्यात ते श्वास घेतात, त्याच पाण्यात त्यांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि रोगजंतूही असतात. एक मासा आजारी पडला की जंतू पाण्यावाटे उरलेल्या सगळ्यांपर्यंत पोचतात. औषधाचीही तीच अडचण आहे. आजारी मासा प्रथम खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातून दिलेले औषध ज्याला हवे त्याच्याच पोटात जात नाही.

रोग जडतो कसा

स्टॅनिस्लास स्निएश्को या पोलंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी मत्स्यरोगतज्ज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेली एक आकृती आजही मत्स्यविज्ञानाच्या वर्गात शिकवली जाते. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे: मासा, रोगजंतू आणि परिसर. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात, तेवढ्याच भागात रोग होतो. जंतू हजर असला, पण मासा सुदृढ आणि पाणी चांगले असले, तर रोग सहसा उद्भवत नाही.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू याचे उत्तम उदाहरण आहे. गोड्या पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक तळ्यात आणि अनेक निरोगी माशांच्या आतड्यातही तो असतो. प्राणवायू कमी पडला, अमोनिया वाढला किंवा जाळे ओढताना अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला, की हाच जिवाणू रक्तात शिरतो. मग पोटात पाणी होते, खवले उभे राहतात, अंगावर लाल चट्टे उठतात. कल्ले आणि पर कुजवणारा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे हा जिवाणूही उष्ण, दाटीच्या आणि सेंद्रिय घाण साचलेल्या पाण्यात उचल खातो.

तणावाखालच्या माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. थोडा वेळ वाढले तर ते माशाला तगून राहायला मदत करते. दिवसचे दिवस वाढलेले राहिले तर रोगप्रतिकारशक्ती खचवते. त्यामुळे पाणी बिघडणे आणि रोग उसळणे यांच्यामध्ये एक अवधी सापडतो. पाणीपरीक्षणाचा सगळा उपयोग या अवधीत आहे.

१९८८ मध्ये भारतात आलेल्या व्रणरोगाच्या साथीने हे नाते ठळकपणे दाखवले. ॲफॅनोमायसिस इन्व्हेडान्स या बुरशीसदृश जीवामुळे होणारा हा रोग १९७१ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदला गेला. पुढे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातून तो बांगलादेशमार्गे ईशान्य भारतात शिरला आणि काही वर्षांतच देशभर पसरला. मरळीसारख्या माशांच्या अंगावर खोल व्रण पडत आणि कित्येक गावांत लोकांनी मासे खाणेच बंद केले. ही साथ मुख्यतः पावसाळा संपून थंडी सुरू होताना उठे. पाण्याचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरलेले असे आणि पावसाने अल्कता, म्हणजे पाण्याची सामू सावरण्याची शक्ती, घटलेली असे. चुना टाकून अल्कता सांभाळलेल्या तळ्यांत रोगाचा जोर कमी राहिला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने या रोगासाठी ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले, पण पाण्याची ऋतुमानाप्रमाणे राखण हाच प्रतिबंधाचा पाया ठरला.

पहाटेचा प्राणवायू

पाण्याची एकच गोष्ट मोजता येणार असेल, तर ती विरघळलेला प्राणवायू असावी. एक लिटर हवेत जेवढा प्राणवायू असतो, त्याच्या साधारण तिसावा भागच एक लिटर पाण्यात मावतो. ३० अंश तापमानाला गोडे पाणी प्रतिलिटर सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायूने संपृक्त होते. पाणी तापते तशी ही क्षमता घटते आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यात ५ मिलिग्रॅमच्या वरची पातळी चांगली मानतात. ३ च्या खाली माशांवर ताण येतो. पातळी १ च्या जवळ आली की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागतात.

तळ्यातला बहुतेक प्राणवायू वनस्पतीप्लवंग, म्हणजे पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ, दिवसा उन्हात तयार करते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू तो वापरत राहतात. त्यामुळे प्राणवायू दुपारी सर्वांत जास्त आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. दुपारी बाराला मोजलेला आकडा ९ आला म्हणून निश्चिंत राहणारा मत्स्यपालक त्याच तळ्यातल्या पहाटेच्या २ मिलिग्रॅमबद्दल अंधारात असतो. मोजमाप पहाटेचेच हवे.

पहाटेचा आकडा आदल्या रात्रीही काढता येतो. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातील क्लॉड बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यासाठी सोपी रीत दाखवून दिली. रात्री प्राणवायू जवळपास एकाच वेगाने घटतो, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. समजा, संध्याकाळी ७ वाजता प्राणवायू ९ मिलिग्रॅम आणि रात्री १० वाजता ७.२ आला. तीन तासांत १.८, म्हणजे ताशी ०.६ मिलिग्रॅमची घट. याच वेगाने सकाळी ६ वाजता २.४ मिलिग्रॅमच उरणार. पहाटे तीन-साडेतीनलाच पातळी ४ वर येईल, तेव्हा पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर रात्री दोनपासून चालवायला हवा. दोन मोजमापे आणि एक वजाबाकी यांवर हा निर्णय घेता येतो.

रोगाच्या दृष्टीने एखाद्या पहाटेच्या आकड्यापेक्षा सलग पहाटेच्या आकड्यांचा उतार अधिक सांगतो. ५.५, ५.१, ४.६, ४.० अशी मालिका दिसत असेल, तर तळ्यात सेंद्रिय घाण साचते आहे, शेवाळ मरते आहे किंवा माशांचे वजन तळ्याच्या ताकदीबाहेर गेले आहे. अजून एकही मासा मेलेला नसतो. पण काही दिवस ४ च्या खाली काढलेले मासे पुढच्या आठवड्यात जिवाणूजन्य रोगाला बळी पडू शकतात.

सामू आणि अल्कता

सामू ६.५ ते ९ या टप्प्यात असला की बहुतेक माशांना मानवतो. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते म्हणून सामू चढतो. रात्री श्वसनातून तो वायू परत येतो आणि सामू उतरतो. सकाळ-दुपारचा हा फरक अर्ध्या एककाच्या आसपास असेल तर तळे स्थिर आहे. सकाळी ७.२ आणि दुपारी ९.४ अशी झेप जात असेल, तर शेवाळ अतोनात वाढले आहे किंवा पाण्यात सामू सावरून धरणारे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट कमी आहेत.

या सावरण्याच्या शक्तीचे माप म्हणजे अल्कता. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात प्रतिलिटर ७५ ते २०० मिलिग्रॅम असावी असे सर्वसाधारणपणे धरतात. महाराष्ट्रात भूगर्भच याबाबत दोन वेगळी चित्रे उभी करतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत बेसॉल्टमधून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा जड आणि भरपूर अल्कतेचे असते. कोकणात जांभ्यावरून येणारे पाणी मऊ, कमी अल्कतेचे आणि आम्लतेकडे झुकलेले असते. त्यामुळे सोलापूरच्या तळ्यासाठी ठरवलेली चुन्याची मात्रा रत्नागिरीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. पहिल्या पावसानंतर कोकणातल्या तळ्याची अल्कता लगेच मोजावी लागते, कारण मोठ्या सरीने ती झपाट्याने खाली येते.

राज्यात गावोगाव झालेल्या शेततळ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. प्लास्टिकच्या अस्तरामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, त्यामुळे मातीतले क्षार पाण्याला मिळत नाहीत आणि गाळातले उपयोगी जिवाणूही नीट रुजत नाहीत. माशांची सगळी घाण तेवढ्याच पाण्यात फिरत राहते. बोअरवेलचे पाणी भरले असेल तर त्यात प्राणवायू जवळपास नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो; ते उंचावरून फवाऱ्यासारखे पाडून तळ्यात सोडावे लागते. पिकाला पाणी देण्यासाठी बांधलेल्या अशा तळ्यात मासे सोडताना पाणीपरीक्षण जुन्या मातीच्या तळ्यापेक्षा जास्त वेळा करायला हवे.

अमोनियाचा हिशेब

खाद्यातल्या प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यातला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो आणि उरलेला अमोनियाच्या व विष्ठेच्या रूपाने पाण्यात येतो. एका एकराच्या, दीड मीटर खोल तळ्यात सुमारे ६० लाख लिटर पाणी असते. त्यात २ टन मासे असतील आणि वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोज ६० किलो खाद्य पडत असेल, तर ३० टक्के प्रथिनांच्या खाद्यातून दिवसाला जवळजवळ २.९ किलो नायट्रोजन तळ्यात पडतो. त्यातला २ किलो पाण्यात उतरला, तरी प्रतिलिटर सुमारे ०.३३ मिलिग्रॅमची रोजची भर पडते. शेवाळ आणि जिवाणू हा भार उचलत राहतात म्हणून तळे चालते. त्यांनी दोन दिवस काम थांबवले की आकडा कुठे जाईल, हे या हिशेबातून दिसते.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन, जो फारसा घातक नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांना जाळतो. परीक्षण संचावर दिसणारा आकडा दोन्हींची बेरीज असते. त्यातला विषारी भाग किती, हे सामू आणि तापमानावर ठरते. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही मुक्त नसतो. सामू ८ ला साडेसात टक्के आणि सामू ९ ला जवळपास ४५ टक्के मुक्त होतो. म्हणजे एकूण अमोनिया १ मिलिग्रॅमच राहिला, तरी सकाळी मुक्त अमोनिया ०.०१ च्या आसपास आणि दुपारी ०.४ पेक्षा जास्त असू शकतो. मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिला तर कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांना सूज येते, त्यांवर चिकट स्राव साचतो आणि परजीवी व जिवाणूंना जागा मिळते. अमोनियाचा आकडा म्हणूनच सामू आणि तापमानाशिवाय वाचू नये. सकाळच्या अमोनियासोबत दुपारचा सामू नोंदलेला असला पाहिजे.

यातूनच एक व्यावहारिक सावधगिरी निघते. अमोनिया वाढलेला असताना कळीचा चुना टाकला, तर सामू एकदम चढतो आणि निरुपद्रवी अमोनियमचे मुक्त अमोनियात रूपांतर होते. पाणी सुधारण्यासाठी टाकलेल्या चुन्याने त्याच दुपारी मासे मरतात. चुन्याचे पोते उघडण्याआधी अमोनिया मोजणे एवढाच त्यावर उपाय आहे.

जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. दुसऱ्या पायरीचे जिवाणू मागे पडले की नायट्राइट साचतो. तो कल्ल्यांतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास निकामी करतो. अशा माशाचे कल्ले आणि रक्त लालऐवजी चॉकलेटी दिसते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. गोड्या पाण्यात नायट्राइट ०.५ मिलिग्रॅमकडे सरकू लागला की लक्ष घालावे. क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांत शिरू देत नाही, म्हणून क्लोराइडचे प्रमाण नायट्राइटच्या किमान १० पट राहील इतके साधे मीठ पाण्यात मिसळतात.

तिसरे विष हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू संपलेल्या काळ्या गाळात ते तयार होते आणि सडक्या अंड्यासारख्या वासाने ओळखू येते. याचे वागणे अमोनियाच्या नेमके उलट असते: सामू ८ ला त्याचा साधारण दहावा भाग विषारी रूपात असतो, ७ ला निम्मा आणि ६ ला नव्वद टक्के. प्रतिलिटर हजारांश मिलिग्रॅमच्या पातळीवरही ते घातक ठरते. म्हणून तळचा गाळ काठीने ढवळून त्याचा रंग आणि वास तपासणे हा पाणीपरीक्षणाचाच भाग आहे.

रंग आणि पारदर्शकता

इटलीतील खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पारदर्शकतेसाठी वापरलेली पांढरी तबकडी आज काळ्या-पांढऱ्या चतकोरांच्या रूपात मत्स्यतळ्यांवर पोचली आहे. दोरीला बांधलेली तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते, ते पाहायचे. ३० ते ४५ सेंटिमीटर ही चांगली खूण समजतात. २० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली आणि पाणी गर्द हिरवे असेल, तर शेवाळ माजले आहे आणि पहाटेचा प्राणवायू धोक्यात आहे.

सर्वांत गंभीर इशारा म्हणजे गर्द हिरव्या पाण्याचा रंग एका रात्रीत तपकिरी किंवा स्वच्छ होणे. शेवाळ एकदम मेल्याची ती खूण असते. लागोपाठचे ढगाळ दिवस किंवा जोराचा पाऊस यांनंतर असे घडते. पुढचा क्रम ठरलेला असतो: मेलेले शेवाळ कुजू लागते, प्राणवायू कोसळतो, दोन-तीन दिवसांत अमोनिया वाढतो, त्यामागून नायट्राइट आणि त्यामागून कल्ल्यांचे रोग. रंग बदलल्याच्या दिवशीच खाद्य थांबवून एअरेटर चालवले, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

उजनीसारख्या जलाशयात पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्यांना पाणी बदलता येत नाही. पावसाने वरचा थर थंड झाला की तो खाली बसतो आणि तळचे प्राणवायूविरहित पाणी वर येते. त्या काही तासांत पिंजऱ्यातले मासे पळू शकत नाहीत. तिथे वेगवेगळ्या खोलींवरचा प्राणवायू आणि तापमान मोजत राहिले, तर हा उलथापालथीचा काळ आधी ओळखून खाद्य कमी करता येते आणि पिंजऱ्यातली गर्दी हटवता येते.

कोळंबीचे तळे

निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंबीशेतीने पाण्यावर लक्ष ठेवण्याची किंमत सर्वांत कठोरपणे शिकवली. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९२ च्या सुमारास पूर्व आशियात प्रकटला आणि १९९४ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आला. तळ्यात शिरल्यावर ३ ते १० दिवसांत तो जवळजवळ सगळी कोळंबी मारू शकतो. टायगर कोळंबीचा सुवर्णकाळ त्याने संपवला. २००९ पासून देशात व्यापारी तत्त्वावर रोगमुक्त पैदास साठ्यातल्या व्हनामी कोळंबीचे संवर्धन सुरू झाले. परदेशातून येणाऱ्या पैदाशीच्या कोळंबीला चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून जावे लागते. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या तळ्यांतही आज मुख्यतः हीच कोळंबी आहे.

हा विषाणू पाण्याच्या सामू-अमोनियातून ओळखता येत नाही. पण कोळंबीत दबून असलेला विषाणू उसळण्याचे प्रसंग पाण्यातूनच कळतात: तापमानाची अचानक घट, पावसाने खारेपणात झालेली मोठी घसरण, प्राणवायूचा तुटवडा. खाऱ्या पाण्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगते आणि खालच्या थराशी मिसळत नाही. कोळंबी तळाशी राहते, त्यामुळे वरून घेतलेला नमुना तिच्या हालांबद्दल काही सांगत नाही. मुसळधार पावसानंतर वरचे गोडे पाणी काढून टाकणे, एअरेटरने थर मिसळणे आणि तळालगतचा खारेपणा व प्राणवायू मोजणे हा तिथला नियम झाला आहे.

जिवाणूंच्या बाबतीत मात्र पाण्याचा नमुना थेट बोलतो. व्हिब्रिओ गटातले जिवाणू मोजण्यासाठी नमुना टीसीबीएस नावाच्या माध्यमावर पसरतात आणि एका दिवसात पिवळ्या व हिरव्या वसाहती मोजतात. साखर आंबवणारे व्हिब्रिओ पिवळे दिसतात, न आंबवणारे हिरवे. चीनमध्ये २००९ मध्ये उद्भवलेल्या, कोळंबी लहान असतानाच मारणाऱ्या रोगाचे कारण २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने शोधले: विष तयार करणारे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, ज्याच्या वसाहती हिरव्या दिसतात. एकूण व्हिब्रिओ मिलिलिटरला १,००० च्या पुढे जाणे आणि त्यांत हिरव्यांचा वाटा वाढत जाणे हा सावधगिरीचा इशारा मानतात. पिवळ्या वसाहती म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र काढू नये.

थायलंडमध्ये २००९ साली ओळखला गेलेला ईएचपी हा सूक्ष्मजीव आणखी चकवतो. तो कोळंबीला सहसा मारत नाही, तिची वाढ थांबवतो. खाद्य संपत राहते आणि वजन वाढत नाही. खाद्य तपासायच्या चेक ट्रेमध्ये लहानमोठी कोळंबी दिसणे आणि पाण्यावर विष्ठेचे पांढरे धागे तरंगणे या त्याच्या खुणा आहेत, पण तोवर हंगामाचा बराच पैसा खाद्यात गेलेला असतो. त्याचा शोध तळे भरण्याआधी बीज आणि गाळ यांच्या तपासणीतच घ्यावा लागतो.

नमुना आणि साधने

चुकीच्या नमुन्यावरचे अचूक परीक्षणही दिशाभूल करते. नमुना काठावरून, खाद्य टाकण्याच्या जागेवरून किंवा चालू एअरेटरजवळून घेऊ नये. एक पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवरून आणि एक तळाच्या किंचित वरून असे दोन नमुने हवेत. प्राणवायूसाठीची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांची १८८८ ची पद्धत आजही प्रमाण मानली जाते: बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कयुक्त आयोडाइड टाकले की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो. हे तळ्याकाठीच करावे लागते, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू प्राणवायू संपवतात.

छोट्या मत्स्यपालकाला रोजच्या कामासाठी तापमापी, सेक्कीची तबकडी, सामू, अमोनिया, नायट्राइट आणि अल्कतेचा रंगावरून वाचायचा संच आणि शक्य असल्यास प्राणवायूमापक पुरतो. खाऱ्या तळ्यावर त्यात खारेपणा मोजण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरची भर पडते. रसायनांची मुदत तपासली पाहिजे. खाऱ्या पाण्यासाठीचा संच वेगळा असतो, कारण नेस्लर पद्धतीत क्षारांमुळे पाणी गढूळ होऊन आकडा चुकतो. काही संच अमोनिया दाखवतात, काही त्यातला नायट्रोजन, दुसऱ्याला १.२ ने गुणले की पहिला मिळतो. पाण्यात कायम राहणारे सेन्सर मोबाइलवर मिनिटामिनिटाचे आकडे पाठवतात, पण त्यांवर शेवाळाचा थर चढतो. आठवड्याला पुसून प्रमाणित न केलेला सेन्सर खोटा दिलासा देतो.

प्राणवायू, तापमान आणि सामू रोज, पहाटे व दुपारी. पारदर्शकता, अमोनिया आणि नायट्राइट आठवड्यातून दोनदा. अल्कता आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर, असे वेळापत्रक बहुतेक तळ्यांना पुरेसे ठरते. त्याच वहीत खाद्य किती दिले, किती उरले आणि किती मासे मेले हेही लिहावे. भूक मंदावणे हे रोगाचे पहिले दृश्य लक्षण असते, आणि पाण्याचे आकडे शेजारी असले की भूक पाण्यामुळे गेली की जंतूमुळे, हे ठरवता येते.

पाण्याकडून माशाकडे

पाणी चांगले असूनही मासे मलूल असतील, तर संशय जंतूवर किंवा परजीवीवर जातो आणि प्रयोगशाळेची गरज लागते. तिथे मेलेला मासा फारसा उपयोगाचा नसतो, कारण मेल्यावर काही तासांतच इतर जिवाणू त्याच्या शरीरात घुसतात. लक्षणे दाखवणारे जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावेत आणि तळ्याचे पाणी वेगळ्या बाटलीत द्यावे. विषाणूच्या तपासणीसाठी ऊतीचे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. काही परजीवी तर तळ्यावरच सापडतात: माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, कठीण वस्तूंवर अंडी घालते. पाण्यात रोवलेल्या बांबूच्या कांबी अधूनमधून काढून पाहिल्या तर अंड्यांच्या ओळी दिसतात आणि कांबी वाळवून ती पिढीच नष्ट करता येते.

पीसीआर तपासणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अंशही पकडते, म्हणून बीज सोडण्यापूर्वी ती करणे कोळंबीशेतीत रूढ झाले आहे. २००० साली जपानमध्ये मांडलेले, जनुकीय द्रव्य शोधणारे लॅम्प तंत्र सुमारे ६५ अंशांच्या एकाच तापमानावर चालते, त्यामुळे ते तळ्याकाठी नेता येते. आता पाणी गाळून त्यात माशांनी आणि जंतूंनी सोडलेला डीएनए शोधण्याची पद्धत पुढे येत आहे. तिच्यामुळे मासा न पकडताच विषाणूची हजेरी कळू शकते. मात्र डीएनए सापडणे म्हणजे जिवंत, रोगकारक जंतू सापडणे असे नेहमीच नसते, म्हणून तिचा निकाल माशाच्या तपासणीने पडताळावा लागतो.

यासाठीची व्यवस्था महाराष्ट्रात उपलब्ध आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे आणि नागपूर व उदगीरलाही मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जलचर रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे समन्वयन लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो, आणि २०२३ पासून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरून शेतकरी थेट रोगाची माहिती देऊ शकतो. शेजारच्या तळ्यांना सावध करण्याचे काम अशा नोंदीतून होते. रोग लपवून तळ्याचे पाणी खाडीत सोडणारा मत्स्यपालक संपूर्ण खाडीकाठ धोक्यात घालतो. रोगट तळ्याचे पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून काही दिवस धरून ठेवल्यावरच सोडावे.

निदान उशिरा झाले की माणूस प्रतिजैविकांकडे धावतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर मत्स्यपालनात बंदी आहे. त्यांचे अंश सापडल्याने निर्यातीचा माल परत आला आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही आणि पाण्यात पडलेले औषध जंतूंना निर्ढावते. याउलट लवकर मिळालेल्या इशाऱ्यावरचे उपाय स्वस्त आणि निर्धोक असतात: एक-दोन दिवस खाद्य थांबवणे, एअरेटर वेळेवर लावणे, थोडे पाणी बदलणे, मोजून चुना किंवा मीठ टाकणे, गर्दी कमी करणे.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढिवर सहकारी संस्था असोत, शेततळ्यात पंगस सोडणारा शेतकरी असो की खाडीकाठचा कोळंबी उत्पादक, प्रत्येकाने एक संच, एक तापमापी आणि एक वही ठेवावी आणि पहाटेचा आकडा चुकवू नये. मत्स्य विभागाने बोटुकलीवर जसे अनुदान दिले जाते, तसे पाणीपरीक्षण संचावर आणि गावपातळीवरच्या प्रशिक्षणावरही द्यावे. तळ्यातले बहुतेक रोग पाण्यात आधी नोंदवता येतात. ती नोंद ठेवणारा मत्स्यपालक औषधावरचा खर्च आणि हंगामाचे नुकसान, दोन्ही वाचवतो.